कालच्या बंडखोराला आजचा पहारेकरी करावं का? (इराकमधली 'सहवा' आणि तिच्यानंतरचं सगळं)

दजलाकाठ | सोमवार, रात्री ९.१२

गेले दोन-तीन महिने इराकबद्दल हाताला लागेल ते वाचतोय. २००३ चं आक्रमण, सद्दामचा पुतळा पाडला ते, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र २००६ ते २००९ मधल्या एका प्रकाराने झोप लागू दिलेली नाही, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी अशी. मे २००३ मध्ये अमेरिकेचे तिथले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकचं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं घरी बसली. बंदूक चालवता येते, बंदूक घरातच आहे, पगार मात्र बंद! त्यातले कित्येक बंडखोर गटांत गेले. अन्बार प्रांत, म्हणजे रमादी-फलुजाचा पट्टा, अमेरिकनांच्या हातचा गेला आणि अल-कायदाने तिथे बस्तान मांडलं. पण अल-कायदावाले स्थानिक सुन्नी टोळ्यांच्याच डोक्यावर बसू लागले. तस्करीच्या वाटा बळकावल्या, शेखांना मारलं, मुली मागितल्या. सप्टेंबर २००६ मध्ये रमादीच्या शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांनी टोळ्या एकत्र केल्या आणि कालपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या अमेरिकनांशी हातमिळवणी केली. हीच 'सहवा', म्हणजे जागृती.

पुढे हा नमुना बगदाद आणि इतर प्रांतांत नेला. 'इराकचे पुत्र' असं नाव दिलं. २००८ मध्ये त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. माणशी महिना सुमारे ३०० डॉलर, आणि काम म्हणजे आपल्याच गल्लीच्या तोंडावर नाका लावून उभं राहायचं. भरती करताना बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे फोटो, नाव, टोळी, पत्ता, सगळं नोंदवून घेतलं.

माझं मत आधीच मांडतो. जो परका आज ना उद्या निघून जाणार आहे, त्याने मागे राहणाऱ्याच्या वतीने शब्द देणं हा यातला सगळ्यात मोठा धोका होता. आणि तो शब्द मोडला तेव्हा किंमत मोजली ती त्या यादीतल्या माणसांनी. तुम्हाला काय वाटतं?

प्रश्नचिन्ह | सोमवार, रात्री ९.३१

वाचतेय. चांगला विषय. 'सहवा' शब्द पहिल्यांदाच कळला.

रोखठोक_७ | सोमवार, रात्री ९.५८

मला हे पटत नाही. आकडे बघा. इराकमध्ये २००७ साली ९०० च्या वर अमेरिकन सैनिक मेले, २००८ मध्ये ३१४. सामान्य इराकी किती वाचले त्याचा तर हिशेबच नाही. रमादी हे जगातलं सगळ्यात धोकादायक शहर म्हणवलं जायचं, तिथे वर्षभरात बाजार उघडले. यात जादा फौज आणली त्याचाही वाटा आहे, मान्य. पण टोळ्या फिरल्या नसत्या तर ती फौज काय करणार होती? कुणाच्या घरात बॉम्ब बनतोय हे परक्या सैनिकाला दहा वर्षांत कळणार नाही, शेजाऱ्याला ते त्याच दिवशी कळतं.

घर पेटलं असताना पाणी कुठल्या विहिरीचं, हे विचारत बसायचं नसतं. नंतर इराकचे तेव्हाचे शिया पंतप्रधान मलिकी यांनी घाण केली, ती मलिकींच्या नावावर मांडा.

खडूफळा | सोमवार, रात्री १०.२०

रोखठोक, विहिरीचा दाखला चांगला आहे, पण तुमच्याच घरामागे तिसऱ्याने विहीर खणून ठेवली आणि तिला कठडा बांधला नाही, तर पुढे त्यात कोण पडेल हे बघायची जबाबदारी खणणाऱ्याची नाही का?

एक दुरुस्ती मात्र दोघांनाही. अमेरिकनांनी बंडखोरांच्या 'हाती बंदूक दिली' असा समज आपल्या बोलण्यातून होतो. सहवाच्या बाबतीत अमेरिकन सैन्याचं अधिकृत म्हणणं होतं की आम्ही शस्त्रं देत नाही, आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. त्या माणसांकडे स्वतःच्या एके-४७ होत्याच, इराकमध्ये घरटी एक रायफल बाळगायला परवानगी होती. दिला तो पगार, दिला तो इलाखा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दिली ती मान्यता. काल चोरून बंदूक घेऊन फिरणारा आज दिवसाढवळ्या चौकात उभा राहून लोकांच्या गाड्या तपासतोय.

खरोखर शस्त्रं दिली ती आधी, २००४ मध्ये. फलुजा ब्रिगेड! मार्च २००४ अखेर चार अमेरिकन कंत्राटी रक्षकांना मारून त्यातल्या दोघांची प्रेतं पुलावर टांगली. एप्रिलमध्ये मरीन सैनिकांनी शहरावर हल्ला चढवला, आरडाओरडा झाल्यावर तो अर्ध्यावर थांबवला, आणि शहर सद्दामच्या सैन्यातल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या एका पथकाच्या स्वाधीन केलं. पथकात भरती कोण? बरेचसे तेच, जे महिन्यापूर्वी मरीनांवर गोळ्या झाडत होते. रायफली दिल्या, गाड्या दिल्या, वायरलेस संच दिले. सप्टेंबरपर्यंत ब्रिगेड मोडली आणि तो सगळा माल बंडखोरांकडे. नोव्हेंबरमध्ये तेच शहर पुन्हा घरोघर लढून घ्यावं लागलं.

म्हणजे दोन वेगळे धोके आहेत. फलुजात बंदूक लगेच उलटली. सहवात माणूस फिरला नाही, त्याला वाऱ्यावर सोडलं गेलं. दोन्हींना एकाच तराजूत तोलू नका.

दजलाकाठ | सोमवार, रात्री १०.३४

खडूफळा सर, दुरुस्ती मान्य. मूळ लेखात हा फरक मी करायला हवा होता. तुमचं शेवटचं वाक्य हाच माझा मुद्दा आहे.

अम्मानचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी ७.०५

मी २००९ ते २०१४ जॉर्डनमध्ये होतो, कपड्यांच्या कारखान्यात, उत्पादनाचं काम बघायचो. त्या काळी अम्मानमध्ये इराकी निर्वासित खूप. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब होतं, बगदादच्या पश्चिम भागातलं. गृहस्थ साठीचे, शाळेत गणित शिकवलेले. रमजानमध्ये माझ्याकडे ताट पाठवायचे, मी दिवाळीला चकल्या द्यायचो. चकली त्यांना इतकी आवडायची की पुढे पुढे बायकोने त्यांच्यासाठी वेगळा घाणा काढायला सुरुवात केली.

त्यांचा धाकटा भाऊ 'इराकचे पुत्र'मध्ये होता. त्याचा एक फोटो दिवाणखान्यात होता. अंगात साधा शर्ट, त्यावरून रस्त्याची कामं करणारे घालतात तसला चकाकत्या पट्ट्यांचा पिवळा अंगरखा, खांद्यावर बंदूक. मागे सिमेंटचे उंच ठोकळे. मी विचारलं, हा अंगरखा कशाला? म्हणाले, अमेरिकन हेलिकॉप्टरने वरून गोळी घालू नये म्हणून. मग थोडं थांबून म्हणाले, त्या अंगरख्यामुळे वरून गोळी आली नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं की हा कोण.

२००८ च्या ऑक्टोबरपासून ही माणसं टप्प्याटप्प्याने इराकी सरकारकडे सोपवली गेली. त्याबरोबर याद्याही गेल्या. पाचातल्या एकाला सैन्य-पोलिसांत घेऊ, बाकीच्यांना मुलकी नोकऱ्या देऊ, असा शब्द होता. भावाला एका खात्यात झाडलोटीचं काम मिळालं. पगार दोन-दोन महिने रखडायचा. आणि २०१० मध्ये एका रात्री इराकी पोलीस घरी आले, जुन्या गुन्ह्याचं वॉरंट घेऊन. जुना गुन्हा म्हणजे तो बंडखोर होता तेव्हाचा. अमेरिकनांनी तो माफ केला होता, पण बगदादच्या सरकारने माफ केल्याचा कागद कुठे होता?

पत्ता शोधायला पोलिसांना काहीच त्रास पडला नाही. पत्ता त्याने स्वतःच लिहून दिला होता.

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ८.४०

मग पुढे? सुटला का तो?

अम्मानचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी ९.१५

मी भारतात परतेपर्यंत तरी नाही. नंतर ते कुटुंब तिसऱ्या देशात गेलं, संपर्क तुटला.

रोखठोक_७ | मंगळवार, दुपारी १२.१०

पाहुणे, वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण दुसरी बाजूही बघा ना. बगदादच्या अमिरिया भागात मे २००७ मध्ये जो अबू अबेद अमेरिकनांना येऊन मिळाला, तो आधी एका मोठ्या बंडखोर गटात होता. त्याच्या माणसांनी अमिरियातून अल-कायदाला हाकललं हे खरं. पण ज्या आईचा मुलगा त्याच्या गटाच्या बॉम्बने मेला असेल, तिने काय करायचं? नवीन सरकारने जुने खून विसरायचेच का? शिया वस्त्यांतल्या लोकांना हे पिवळे अंगरखे बघून काय वाटत असेल?

मलिकींच्या भीतीला काहीच आधार नव्हता असं मी म्हणणार नाही. लाखभर सशस्त्र माणसं, पगार परक्याचा, निष्ठा आपापल्या शेखाशी. कुठलं सरकार हे खपवून घेईल?

दजलाकाठ | मंगळवार, दुपारी १२.४५

रोखठोक, हेच तर म्हणतोय! ज्या सरकारच्या पदरात हे लोक पुढे टाकायचे होते, त्या सरकारला हा सौदा कधी मनापासून मान्यच नव्हता. अमेरिकन सेनापतीने शेखाशी चहा पिऊन ठरवलं आणि बिल मलिकींच्या नावावर फाडलं. तुम्ही मलिकींची अडचण जितकी खरी मानाल, तितका तो शब्द पोकळ ठरतो.

अबू अबेदचं सांगायचं तर तोही २००८ मध्येच देश सोडून जॉर्डनमध्ये गेला. आणि मार्च २००९ मध्ये बगदादच्या फदल भागात सहवाच्या स्थानिक म्होरक्याला इराकी सैन्याने अटक केली, तेव्हा त्याच्या माणसांशी चकमक झाली. त्यात अमेरिकन सैनिक इराकी सैन्याच्या बाजूने उभे होते. कालपर्यंत ज्यांना पगार दिला त्यांच्यावरच बंदुका रोखून.

तापीकाठ | मंगळवार, रात्री ८.३०

जरा आपल्याकडे वळतो, पण अवांतर नाही. हा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी आमच्या खान्देशात होऊन गेलाय.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांनी घेतला. सातपुड्यात आणि सातमाळ्यात भिल्ल नाईकांनी पहिल्या वर्षापासून त्यांना सळो की पळो केलं. फौजा पाठवून झाल्या, तापाने सोजीर मेले, बंड काही मोडेना. १८२५ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना धोरण बदललं. जेम्स औट्रम नावाच्या तरण्या लेफ्टनंटला धरणगावला बसवलं आणि भिल्लांचीच पलटण उभारायला सांगितलं. त्याला सुरुवातीला मिळाले नऊ जण. तो त्यांच्याबरोबर शिकारीला जायचा, त्यांच्यातच राहायचा. कवायतीचं नाव काढलं की लोक पळून जातील म्हणून घाई केली नाही. दोन-तीन वर्षांत शेकड्यांनी लोक आले. जोडीला माफी होती, पडीक जमीन होती, बैल-बियाण्याला तगाई होती, आणि नाईकांचे गावरखवालीचे जुने हक्क रोखीने बांधून दिले होते. धरणगावात आजही जुनी माणसं भिल्ल पलटणीच्या गोष्टी सांगतात.

आता इराकशी ताडून बघा. नुसता पगार नव्हता, जमीन होती. आणि ज्या सरकारने शब्द दिला तेच पुढची सव्वाशे वर्षं तिथे बसलं होतं. चांगलं म्हणून नव्हे, राज्य करायचं होतं म्हणून. पण शब्द देणारा आणि पाळणारा एकच होता.

चांदणवेल | मंगळवार, रात्री ९.०२

तापीकाठ दादा, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण 'यशस्वी प्रयोग' असा सूर लागला की मला टोचतं. यशस्वी कुणासाठी? भिल्लांना भिल्लांवर सोडलं. ज्यांच्या डोंगरावर ज्यांचा हक्क, त्यांनाच तिथे पहारेकरी म्हणून पगारावर ठेवलं.

आणि खाज्या नाईकाला विसरलात का? मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटाची राखण इंग्रजांनी त्याच्याकडे दिली होती. वर्षानुवर्षं केली त्याने. मग नोकरी गेली, तुरुंग भोगला, आणि १८५७ मध्ये त्याच घाटात त्याने सरकारी खजिना लुटला. घाटाची वाट न् वाट त्याला ठाऊक होती, कारण ती राखायचे पैसे त्याला सरकारनेच दिले होते. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली, पकडलेल्या अनेकांना तिथेच गोळ्या घातल्या. माझ्यासाठी तो वीर आहे. पण इंग्रजाच्या नजरेने बघितलं तर तुमच्या धाग्याचा धोका हाच ना?

तापीकाठ | मंगळवार, रात्री ९.२०

ताई, खरं आहे. 'यशस्वी' शब्द मागे घेतो. खाज्या नाईक आमचाही वीरच. आणि तुम्ही म्हणता ते बरोबर, तो उलटला तो नोकरी तुटल्यावर.

कडीपत्ता | मंगळवार, रात्री ९.४४

अम्मानचा_पाहुणा, ते रमजानच्या ताटात काय असायचं ते पण लिहा की. वेगळा धागा काढा, मी पहिली येते.

अम्मानचा_पाहुणा | मंगळवार, रात्री १०.०१

काढतो. खजूर घातलेल्या क्लेचा नावाच्या वड्या असायच्या, त्यांच्यावरच एक धागा होईल.

हवालदाराची_लेक | बुधवार, सकाळी ६.५०

रात्रभर विचार करून लिहितेय. इराकचं मला फार माहीत नाही. पण हे आपल्या सैन्यानेही केलंय आणि माझे वडील तिथे होते.

श्रीलंका. जुलै १९८७ चा करार, मग आपली शांतिसेना. ज्या तमिळ गटांना आपणच आधी शस्त्रं आणि शिक्षण दिलं होतं, त्यातल्या एलटीटीईने ऑक्टोबरपासून आपल्यावरच बंदुका रोखल्या. अडीच वर्षांत आपले सुमारे १२०० जवान गेले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

मग आपण दुसऱ्या गटांना जवळ केलं, मुख्यतः ईपीआरएलएफला. तेही पूर्वीचे सशस्त्र बंडखोरच. निवडणूक झाली, त्यांचं प्रांतिक सरकार आलं, आणि आपण निघायची वेळ जवळ आली तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी 'तमिळ नॅशनल आर्मी' (टीएनए) उभी केली. त्यात कित्येक पोरं जबरदस्तीने घरातून, रस्त्यावरून उचलून आणलेली.

वडील कोतवर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. तिथे प्रत्येक रायफलीचा बट नंबर असतो. सकाळी मोजायच्या, संध्याकाळी मोजायच्या. एक रायफल कमी पडली तर अख्ख्या पलटणीला झोप नाही. वडील सांगतात, स्वतःच्या जवानाला रायफल देताना मी तीन ठिकाणी सही घ्यायचो. त्या पोरांना रायफली मिळाल्या तेव्हा सही घ्यायला कुणीच नव्हतं, कारण त्या परत कधी येणार नव्हत्या.

आपण एकेक जिल्हा सोडत गेलो तसतशी एलटीटीई आत येत गेली. टीएनएची ठाणी काही दिवसांत पडली. शस्त्रं गेली, पोरं गेली. उरलेली पळाली.

खडूफळा | बुधवार, सकाळी ८.१५

लेक, हे लिहिल्याबद्दल आभार. यात एक गोष्ट जोडतो. त्याच सुमारास श्रीलंकेच्या प्रेमदासा सरकारने एलटीटीईला शस्त्रं दिली, का, तर शांतिसेना आणि टीएनए लवकर जावी म्हणून. म्हणजे एकाच जमिनीवर दोन सरकारं दोन गटांना बंदुका देत होती. शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. जूनमध्ये एलटीटीईने पूर्वेकडची पोलीस ठाणी घेरली आणि शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारलं. त्याच महिन्यात ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ यांचा मद्रासमध्ये खून झाला.

रोखठोक_७ | बुधवार, सकाळी १०.३०

श्रीलंकेच्या उदाहरणापुढे मला उत्तर सुचत नाहीये, हे कबूल करतो. इराकबाबत मात्र अजून म्हणेन की २००६ मध्ये दुसरा मार्ग कुणी दाखवलेला नाही.

दजलाकाठ | बुधवार, दुपारी १.२०

रोखठोक, दुसरा मार्ग नव्हता हे मी मान्य करायला तयार आहे. पण मग यादीतल्या माणसाचं काय करायचं हे त्याच दिवशी ठरवायला हवं होतं, सही घेतली त्या दिवशी. माफीचा कागद बगदादच्या सरकारच्या सहीने हवा होता. नाहीतर निघताना देश सोडायची मुभा तरी.

मूळ प्रश्नाकडे परत येताना पुढे काय घडलं ते सांगतो. अबू रिशा सप्टेंबर २००७ मध्येच बॉम्बने मारले गेले, अध्यक्ष बुश यांना भेटल्यानंतर दहा दिवसांनी. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन फौज गेली. सुन्नी नेत्यांवर वॉरंटं निघाली, रमादीत वर्षभर धरणं चाललं, २०१३ च्या शेवटी ते मोडून काढलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये फलुजा आयसिसच्या हातात गेली. सहवावाल्यांना आयसिसने दोनच पर्याय दिले. मशिदीत येऊन जाहीर तौबा करा आणि हत्यार जमा करा, नाहीतर मरा.

अल्बू निमर ही टोळी अमेरिकनांबरोबर सुरुवातीपासून होती. २०१४ मध्ये त्यांनी हीत शहराजवळ आयसिसला कित्येक महिने रोखून धरलं. दारूगोळा आणि अन्न पाठवा म्हणून बगदादकडे विनवण्या केल्या. ऑक्टोबरच्या शेवटी फळी तुटली. शेकडो माणसं रांगेत उभी करून मारली. ते कधीच उलटले नव्हते, ज्या बाजूला उभं राहायला सांगितलं होतं तिथेच शेवटपर्यंत उभे होते.

चांदणवेल | बुधवार, दुपारी २.०५

आपण दोन दिवस 'बंदूक उलटेल का' यावर बोललो. न उलटलेल्या माणसांचं काय होतं, हे वरच्या शेवटच्या वाक्याने समोर आणलं.

प्रश्नचिन्ह | बुधवार, दुपारी ४.५०

हवालदाराची_लेक, एक विचारू? वडिलांना त्या पोरांपैकी कुणी आठवतं का? नको वाटलं तर राहू द्या.

हवालदाराची_लेक | बुधवार, रात्री १०.४०

आज जेवणं झाल्यावर विचारलं. आधी म्हणाले, नावं नाही आठवत. मग थोड्या वेळाने स्वतःच बोलले.

एक पोरगा होता, पंधरा-सोळाचा. रायफल त्याच्या छातीच्या वर यायची. वडिलांनी त्याला ती खोलायला, तेल द्यायला, जोडायला शिकवलं. हात चांगला होता म्हणाले, तिसऱ्या दिवशी डोळे मिटून जोडायचा. शेवटच्या आठवड्यात पलटणीचं सामान बंदरावर जायला लागलं तेव्हा तो रोज कोतपाशी येऊन उभा राहायचा. हिंदी चार शब्द आलं होतं त्याला. एक दिवस त्याने वडिलांना विचारलं, उस्ताद, तुमच्या जहाजात माझा नंबर कितवा?

वडिलांनी त्याला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. ते उठून अंगणात गेले होते.